‘थांब’ म्हणणारा आवाज

सरला अमोलिक प्रार्थनेला बसली की तिला प्रभूचा शब्द मिळतो, असं पार्सिपनीच्या आसपासच्या मराठी ख्रिस्ती घरांतून सगळेच मानत. घरं तरी किती? डोव्हरपासून एडिसनपर्यंत मोजून अकरा. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी ही अकरा घरं एका अमेरिकन चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये जमत, मराठीत उपासना करत आणि मग पुलाव, अंड्याचं कालवण खात संध्याकाळ करत. कुणाला नोकरी बदलायची असे, कुणाला भावाला इकडे बोलवायचं असे, कुणाच्या मुलीसाठी नगरहून स्थळ आलेलं असे. जेवणं उरकली की अशी माणसं सरलाच्या खुर्चीजवळ घुटमळत. “मावशी, जरा प्रभूला विचाराल का?”

सरला विचारत असे. तिला त्यात काही नवल वाटत नव्हतं. तिचे वडील संगमनेरकडे चर्चचे पाळक होते. आई खेड्याखेड्यांतून फिरून बायकांना बायबलमधलं वचन सांगायची. त्या घरात देवाशी बोलणं म्हणजे शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारण्याइतकं सोपं होतं. मिरजेला मिशनच्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकून ती १९७१ साली एकटीच न्यू जर्सीला आली. वर्षाभराने नवरा दिगंबर आला, तीन वर्षांची पद्मिनी आली. दिगंबर एका छापखान्यात मशीनवर लागला. तो अबोल माणूस; मंडळीत, म्हणजे त्या अकरा घरांच्या चर्चात, कोणी काही विचारलं तर बायकोकडे बघून हसायचा. सरला हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात होती.

तिचं नाव झालं ते त्र्यंबककाका शिरसाटांमुळे. १९७९ साली उपासनेनंतर ती एकाएकी त्यांना म्हणाली, “काका, उद्याच्या उद्या हार्टच्या डॉक्टरकडे जा. मला प्रभूने सांगितलंय.” काकांनी आधी हसण्यावारी नेलं, पण गेले. डॉक्टरांनी त्यांना घरी येऊच दिलं नाही, दुसऱ्या दिवशीच छाती उघडली. काका वाचले, आणि तेव्हापासून सरलाच्या शब्दाला मंडळीत वजन आलं. ते वजन तिला आवडत होतं, हेही खरं. वॉर्डात, सरला म्हणणं न जमणाऱ्यांसाठी, ती ‘सरा’ होती, तिच्या इंग्रजीला हसणारे डॉक्टर होते. तळघरातल्या त्या हॉलमध्ये मात्र ती बोलायला लागली की माणसं चमचे खाली ठेवत.

१९८३च्या नोव्हेंबरात एका मंगळवारी सकाळी सरलाला सुट्टी होती. दिगंबर कामावर, पद्मिनी शाळेत. दारावरची घंटा वाजली. बाहेर नंदा उभी होती, थंडीने नाक लाल झालेलं. तिला गाडी चालवता येत नव्हती. फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने ती दीड मैल चालत आली होती.

नंदा सोलापूरची, चोवीस वर्षांची. शैलेंद्र साळव्याशी लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी आलेली. शैलेंद्र कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि उपासनेला पेटी वाजवायचा. गोड बोलायचा, म्हाताऱ्यांना हाताला धरून जिना उतरवायचा. त्याच्याबद्दल वाकडं बोलणारं माणूस त्या अकरा घरांत सापडलं नसतं.

चहा झाला, सोलापूरच्या गप्पा झाल्या. मग नंदाने कप सरकवला आणि स्वेटरची डावी बाही कोपराच्या वर ओढली. दंडावर चार डाग होते, ओळीने, पिवळट हिरवे. आतल्या बाजूला पाचवा.

“पहिल्यांदा नाहीये मावशी,” ती म्हणाली. “नंतर तो रडतो. पाया पडतो. म्हणतो, मी प्रार्थना करतोय, मला बदलायचंय. आता मी काय करू? घरी सोलापूरला लिहिलं तर बाबांना काही तरी होईल. बहिणीकडे ओहायोला जाऊ? पण लग्न तर देवासमोर केलंय. तुम्ही देवाला विचारा ना, त्याची काय इच्छा आहे. तो सांगेल ते मी करीन.”

सरला उठली. नंदाच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले. स्वयंपाकघरात फक्त फ्रिजची घरघर चालली होती. आणि शब्द आले. नेहमी येत तसेच आले, सहज, कुणी कानाशी बोलावं तसे: थांब, मी त्याला बदलतो आहे. सरलाच्या अंगावर शहारा आला, मागोमाग मन शांत झालं. तिने ते शब्द मोठ्याने म्हटले.

नंदा “बरं” म्हणाली, बाही खाली केली आणि कप विसळून ठेवला. सरलाने तिला गाडीने घरापर्यंत सोडलं. उतरताना नंदा म्हणाली, “बरं झालं आले ते. नाही तर मी तिकीट काढणारच होते.”

हे सगळं सरलाने कोणाला सांगितलं नाही, दिगंबरलासुद्धा नाही. प्रार्थनेत कळलेलं दुसऱ्याचं गुपित असं घरात आणायचं नसतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. नाताळच्या उपासनेला शैलेंद्रने तासभर पेटी वाजवली. नंदा बायकांत बसून गात होती. सरलाने तिच्याकडे बघितलं तेव्हा ती किंचित हसली. सरलाने मनात प्रभूचे आभार मानले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, वॉर्डात फोन आला. इमर्जन्सीत एक इंडियन बाई आहे, बोलू शकत नाही, तुमच्यातलं कोणी आहे का? सरला खाली गेली. पडद्याबाहेर एक पोलीस उभा होता. आत नंदा. तोंड एका बाजूने एवढं सुजलं होतं की सरलाने तिला आधी हातातल्या बांगडीवरून ओळखलं. जबडा दोन ठिकाणी मोडला होता.

“नंदा,” सरला म्हणाली. तेरा वर्षं हाडं मोडलेल्या माणसांशी बोलण्यात गेली होती, पण या एका माणसाशी बोलायला शब्द नव्हता.

नर्सने नंदाला लिहायला पॅड दिलं होतं. त्यावर पोलिसासाठी इंग्रजीत चारपाच ओळी लिहिलेल्या होत्या. नंदाने पान उलटलं आणि मराठीत लिहिलं. पॅड सरलाच्या हातात दिलं नाही, फक्त तिच्या दिशेने फिरवलं.

‘मी थांबले होते, मावशी.’

त्या दिवशी उरलेली शिफ्ट सरलाने कशी काढली, हे तिला नंतर कधी आठवलं नाही. औषधं वेळेवर दिली गेली, चार्ट लिहिले गेले. घरी येऊन तिने बटाटे चिरायला घेतले आणि कोशिंबिरीला चिरावेत तसे बारीक करून टाकले. दिगंबरने सुरी तिच्या हातातून काढून घेतली. तेव्हा तिने सगळं सांगितलं. पद्मिनी दारात उभी राहून ऐकत होती. पंधरा वर्षांची मुलगी, मराठी सगळं कळायचं पण बोलायची इंग्रजीत.

“मॉम,” ती म्हणाली, “डिड गॉड से दॅट? ऑर डिड यू?”

“पद्मिनी, वर जा,” दिगंबर म्हणाला. ती गेली. मग तो बायकोकडे वळला. “तिच्या हातावर तू डाग बघितलेस. नोव्हेंबरात. आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?”

“प्रार्थनेतलं होतं ते.”

“प्रार्थनेतलं नव्हतं. तुझ्या स्वयंपाकघरातलं होतं.” एवढं बोलून तो बाहेर गेला आणि बर्फ पडलेलं नसताना फावड्याने ड्राइव्ह-वे खरवडत बसला.

नंदाच्या जबड्याला तारा बांधून तो बंद केला. सहा आठवडे नळीने प्यायचं. हॉस्पिटलातून तिला बायकांच्या एका आश्रयघरात नेलं, पत्ता कोणालाच सांगितला नाही. शैलेंद्रचं म्हणणं असं, की पायरीवरच्या बर्फावरून ती घसरली, त्याने कधी तिच्यावर हात उगारलेला नाही. शैलेंद्रने तिच्या जवळपास फिरकू नये, अशी कोर्टाची ऑर्डर तिला हवी होती. मॉरिसटाउनला तारीख लागली होती. नंदाची वकील, एक तरुण अमेरिकन बाई, तिने सरलाला फोन केला. नंदाने लिहून दिलंय की नोव्हेंबरात तिने तुम्हाला खुणा दाखवल्या. खरं आहे? कोर्टात येऊन सांगाल?

“विचार करून कळवते,” सरला म्हणाली.

विचार करायला तिला कोणी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरी आले. हेमचंद्र केदारी यांचं नाव. आठवडाभर विम्याच्या ऑफिसात काम आणि रविवारी मंडळीची सेवा, असा साठीकडे झुकलेला, मनाने वाईट नसलेला माणूस. सोबत मंडळीतले दोघं वडीलधारे होते.

“सरलाबाई, झालं ते फार वाईट झालं,” पाळकसाहेब म्हणाले. “पण विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचणं पवित्र शास्त्राला धरून नाही. आपण शैलेंद्रला बसवून समजावू. तो पश्चात्ताप करायला तयार आहे. तुम्ही साक्षीला उभ्या राहिलात तर त्या पोराची नोकरी जाईल, व्हिसा जाईल, आणि मंडळीचे दोन तुकडे होतील.”

“आणि ती?”

“तिच्यासाठीही प्रार्थना करतोच आहोत. तुम्ही प्रभूला विचारा. तुम्हाला तो सांगतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तो सांगेल ते आम्ही मान्य करू.”

तिघांनी माना खाली घातल्या. सरलाने डोळे मिटले. लहानपणापासून जे दार नुसत्या हाकेने उघडायचं, त्याच्याशी ती उभी राहिली. काही आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. बाहेर शाळेची बस थांबून गेली. एक वाक्य मनात उमटू लागलं होतं, शांत, वळणदार, पाळकसाहेबांना आवडेल असं, आणि सरला दचकली. ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं. नोव्हेंबरातलं वाक्य असंच आलं होतं. याच आवाजात.

तिने डोळे उघडले. “काही नाही,” ती म्हणाली.

“काहीच नाही?”

“काही नाही, साहेब. मला शब्द मिळालेला नाही.”

पाळकसाहेबांना हायसं वाटलं की वाईट वाटलं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. “मग थांबावं,” ते म्हणाले. “शब्द मिळाला नाही की थांबावं.” त्या ‘थांबावं’ने सरलाला पॅडवरची ती ओळ आठवली.

पुढचे चार दिवस फार वाईट गेले. उपास केला तर पित्त झालं. शास्त्र उघडून बसली तर अक्षरं नुसती अक्षरं राहिली. ज्या आवाजाच्या भरवशावर ती परक्या देशात एकटी उतरली होती, तो देवाचा नव्हताच काय? की काही वेळा देवाचा आणि काही वेळा तिचा? मग ओळखायचं कशावरून? नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी आपण नेमक्या कशाला भ्यालो होतो, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आणि दर वेळी उत्तर आधीच्यापेक्षा लाजिरवाणं निघालं. मंडळी मोडेल याला भ्याली होती. पेटी कोण वाजवील याला भ्याली होती. सोलापूरची माणसं नावं ठेवतील याला. आणि संगमनेरला आई बायकांना हेच सांगायची, सोस, प्रभू बघतो आहे. आई चुकली असं म्हणावं लागेल, याला सगळ्यात जास्त.

गुरुवारी ती त्र्यंबककाकांकडे गेली. काका आता पंचाहत्तरीला आले होते, सुनेच्या घरी खिडकीशी बसून असत.

“काका, मला एक कबूल करायचंय,” ती म्हणाली. “तुम्हाला डॉक्टरकडे पाठवलं ना मी, ते काही प्रभूने कानात सांगितलं नव्हतं. तुम्ही उपासनेत सारखा डावा खांदा चोळत होता. जिना चढताना मध्ये थांबलात. ओठ काळसर दिसत होते. नर्सला कळतं ते. मीच त्याला प्रभूचा शब्द म्हटलं, कारण तसं म्हटलं की लोक ऐकतात.”

काका रागावतील असं तिला वाटलं होतं.

“बरं,” ते म्हणाले. “पण तुला ते दिसलं ना? हॉलमध्ये चाळीस माणसं होती, माझी सख्खी सून होती. दिसलं तुला एकटीला. आता ते कोणी दाखवलं म्हणायचं?”

“मला माहीत नाही.”

“मलाही नाही. मी आपला आभार मानतो. कुणाचे ते तो बघून घेईल.”

परत येताना रूट शेहेचाळीसवर एका दुकानाच्या पार्किंगमध्ये तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. काकांच्या खांद्यासारखेच चार डागही दिसले होते की तिला. पिवळट हिरवे, म्हणजे पाचसहा दिवसांचे. ओळीने, म्हणजे बोटांचे. आतला पाचवा अंगठ्याचा. कोणी दाखवायचं बाकी ठेवलं नव्हतं. ते समोर असताना तिने डोळे मिटले होते, प्रार्थना करायला.

ती रडली नाही. तिथल्या फोन बूथवरून तिने वकीलबाईला फोन केला आणि येते म्हणून सांगितलं. त्या सांगण्यात काही शांती नव्हती, शहारा नव्हता. जन्मात प्रथमच एखादी गोष्ट ती देवाला न विचारता करत होती.

मॉरिसटाउनला दिगंबर रजा घेऊन बरोबर आला. कोर्टाची खोली सरलाला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघाली, शाळेच्या वर्गासारखी. शैलेंद्र निळ्या सुटात बसला होता, मागे पाळकसाहेब. दुसऱ्या बाजूला नंदा, जबडा अजून तारांनी बंद, दातांच्या फटीतून बोलायची. ती फार हळूहळू बोलली आणि न्यायाधीशांनी तिला दोनदा पाणी देववलं.

मग सरलाला बोलावलं. वकीलबाईने विचारलं, काय पाहिलंत? सरलाने वॉर्डात चार्टवर लिहावं तसं सांगितलं: डावा दंड, चार खुणा, प्रत्येक एवढ्या एवढ्या मापाची, रंग असा, म्हणजे इतक्या दिवसांपूर्वीची. आतल्या बाजूला एक. घसरून पडल्यावर अशा खुणा होत नाहीत. हाताने घट्ट आवळल्यावर होतात.

शैलेंद्रचा वकील उठला. सभ्य होता, आवाज चढवला नाही. “मॅडम, तुम्ही नर्स आहात. एवढ्या स्पष्ट खुणा पाहिल्यावर तुम्ही पोलिसांना कळवलंत?”

“नाही.”

“डॉक्टरकडे नेलंत?”

“नाही.”

“मग काय केलंत?”

सरलाने नंदाकडे पाहिलं. नंदा तिच्याकडेच बघत होती. त्या नजरेत सरलाला काहीच वाचता आलं नाही.

“मी प्रार्थना केली,” ती म्हणाली. “आणि तिला सांगितलं की नवऱ्याकडेच थांब, अशी देवाची इच्छा आहे.”

खोलीत कोणी तरी खुर्ची सरकवली. वकिलाने विचारलं, “तुम्ही देवाच्या वतीने बोलता का, मिसेस अमोलिक?”

“मला तसं वाटायचं,” सरला म्हणाली. “ती थांबली ती माझ्या सांगण्यावरून. त्याने तिचा जबडा मोडला, आणि त्याच्या हाती तिला परत मी दिलं.”

तिच्या या बोलण्याने त्या वकिलाचा काय फायदा झाला कोण जाणे. तो खाली बसला. न्यायाधीशांनी नंदाच्या बाजूने ऑर्डर दिली. शैलेंद्रने घर सोडायचं, तिच्या जवळ जायचं नाही, फोन करायचा नाही. बाहेरच्या पायऱ्यांवर पाळकसाहेब टोपी सावरत सरलाच्या बाजूने पुढे निघून गेले. नंदा वकीलबाईच्या गाडीत बसून गेली. मागे वळली नाही.

मंडळीचे तुकडे झाले, पाळकसाहेब म्हणाले होते तसेच. पाच घरं यायची बंद झाली. शैलेंद्र उन्हाळ्यात टेक्सासला निघून गेला. तिथे त्याने पुन्हा लग्न केलं, असं कोणी तरी म्हणे. सरला उपासनेला जात राहिली, मागच्या रांगेत बसत राहिली. पहिले काही महिने बायका तिच्याशी तुटक वागल्या. मग हळूहळू कुणी कुणी येऊन विचारू लागलं, मावशी, विचारता का प्रभूला. “मला नाही सांगता येणार,” ती म्हणायची. “पण झालंय काय ते मला सांग. सगळं सांग.” मग ती ऐकून घ्यायची. पुष्कळांना हे रुचलं नाही. त्यांना उत्तर हवं असायचं, आणि तिच्याकडे नुसते प्रश्न असायचे: तो काय म्हणाला, तू काय पाहिलंस, जेवतेस का नीट.

स्वतःची तिची प्रार्थना बरीच वर्षं कोरडी राहिली. गुडघे टेकायची, पण बोलताना सारखी अडखळायची, आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येतंय की काय या धास्तीने.

१९८७च्या मे महिन्यात एका शनिवारी सकाळी ती एडिसनजवळच्या इंडियन ग्रोसरीच्या दुकानात भेंडी निवडत होती. समोरून नंदा आली. केस कापलेले, हातात गाडीच्या किल्ल्या. काउंटीच्या लायब्ररीत नोकरी करत होती. बोलताना जबडा किंचित एका बाजूला जायचा.

थोडं इकडचं तिकडचं झालं. पद्मिनी कॉलेजात गेली, दिगंबरकाका बरे आहेत. मग सरला म्हणाली, “नंदा, मी तुझी माफी मागितली नाही अजून. कुठल्या तोंडाने मागू, ते कळलं नाही.”

नंदाने टोपली खाली ठेवली. “तुम्हाला त्या दिवशी खरंच ऐकू आलं होतं का, मावशी? की मला बरं वाटावं म्हणून म्हणालात?”

“ऐकू आलं होतं,” सरला म्हणाली. “पण कुणाचं, ते मी तपासलं नाही.”

“मी त्या वाक्यावर तीन महिने काढले. तो मारायचा तेव्हा मनात म्हणायचे, देव बदलतोय त्याला, आता एवढ्यात होईल.” नंदाचा आवाज चढला नव्हता. “तुम्ही कोर्टात आलात ते मला माहीत आहे. आला नसतात तर ऑर्डर मिळाली नसती, असं ती वकील म्हणाली. दोन्ही तुम्हीच. मी काय करू त्याचं? कधी वाटतं फोन करावा, कधी तुमचं नावसुद्धा नको वाटतं.”

“नको करूस फोन.”

“चर्चला जाते मी,” नंदा म्हणाली. “अमेरिकन आहे, मोठं. कोणी ओळखत नाही. मागे बसते आणि निघून येते. तेवढंच जमतं.” तिने टोपली उचलली. दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, “भेंडी त्या पलीकडच्या खोक्यातली घ्या. ही जून आहे.”

सरलाने पलीकडच्या खोक्यातली भेंडी घेतली. घरी दिगंबर अंगणात गवत कापत होता. त्याने मशीन बंद केलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, “काय झालं?” ती पायरीवर बसली आणि त्याला पहिल्यापासून सांगू लागली.